बिनमातीचा वाफा

बाबा, मागच्या खोलीत मी एक वाफा केला आहे, आणि त्यात माती नाही. तुम्ही असता तर दारातच थबकला असता, एक पाय आत, एक बाहेर, आणि विचारलं असतं, "मंग झाडं उभी कशावर राहतेत व?" उभी राहतात, बाबा. लाकडी बाकावर एक पसरट ट्रे आहे, तीन फूट लांब, दोन फूट रुंद, वीतभर खोल. त्यात बोराएवढ्या भाजलेल्या गोळ्या पसरल्या आहेत. मातीच्याच, पण भाजून भाजून त्यांच्यात काही उरलेलं नाही. त्या मुळांना नुसत्या धरून ठेवतात, खायला घालत नाहीत. बाकाखाली झाकणाचा काळा टब आहे. टबात पाणी, पाण्यात झाडांचं औषध म्हणा की अन्न म्हणा ते मिसळलेलं, आणि तळाशी कूलरचा छोटा पंप. दिवसातून चार वेळा पंप आपोआप सुरू होतो. पाणी नळीतून वर चढतं, गोळ्यांच्या खालून भरत येतं, आणि ठरलेल्या उंचीला एक उभी नळी ठेवली आहे तिच्या तोंडात शिरून जास्तीचं पाणी परत टबात पडतं. पाव तासानं पंप थांबतो आणि सगळं पाणी आल्या वाटेनं उतरून जातं. मुळं ओली राहतात आणि त्यांना हवाही मिळते. एवढाच त्याचा खेळ. पाणी चढताना काहीच ऐकू येत नाही. उतरताना मात्र गोळ्यांमधून एक बारीक आवाज येतो, कुणीतरी शेजारच्या खोलीत झोपेत ओठ हलवावेत तसा. तो आवाज ऐकत मी स्टुलावर बसून राहते. चहा गार होतो.

हे सगळं मायसाठी सुरू झालं. माय आता माझ्याकडे चंद्रपूरला असते. मागच्या उन्हाळ्यात ती गावी घरामागच्या सांदवाडीत पडली, खुब्याचं हाड गेलं, ऑपरेशन झालं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये तिला आम्ही खुर्चीवर बसवून उचलून आणलं. हाड जुळलं. वॉकर धरून ती मोरीपर्यंत जाते. पण बाकीचा दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. जेवण म्हणजे दोन घास. बोलणं म्हणजे "हं". एकदा मी तिचे केस विंचरत होते तेव्हा म्हणाली, "माह्या सांदवाडीत सांबार वाळला असन." तेवढंच, कोथिंबिरीपुरतं, पण तिच्या तोंडून आठवड्यात निघालेलं ते सगळ्यांत लांब वाक्य होतं. मी खिडकीत कुंड्या ठेवून पाहिल्या. इथल्या खिडक्यांची गंमत तुम्हाला माहीत नाही, बाबा. सकाळी पुसलेल्या पानावर संध्याकाळी बोट फिरवलं तर बोट काळं होतं, कोळशाची भुकटी बसते. गवती चहासुद्धा तग धरेना. मग मला वाटलं, बाहेर नाही तर आत.

मी निवृत्त होऊन तेव्हा चार महिने झाले होते. कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तीस वर्षं मी मुलांच्या पुढ्यात परीक्षानळ्या मांडल्या, त्यामुळे थेंब मोजायची, रंग ओळखायची सवय हातात होती आणि हाताला काम नव्हतं. मोबाइलवर एक हिंदी व्हिडिओ पाहिला, मग तोच पुन्हा पुन्हा पाहिला. नळ्यांच्या दुकानात गेले तर दुकानदारानं विचारलं, "मोरीचं काम आहे का, बाई?" मी म्हटलं, "नाही, पालकाचं." तो माझ्याकडे बघतच राहिला. ट्रेला भोकं पाडायच्या आधी मी खुणा दोनदा मोजल्या, कारण प्लास्टिक एकदा कापलं की कापलं. एक भोक पाणी चढायला आणि उतरायला, दुसरं त्या उभ्या नळीला, जी ठरवते की याहून वर नाही. दोन्हीकडे रबराचे वायसर. मग ट्रे सपाट बसतो की नाही ते पाहायला मी त्यात थोडं पाणी ओतलं, बाकाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवली, पुन्हा पाणी पाहिलं. धानाच्या बांधीत चिखल झाल्यावर तुम्हीही असंच करायचात. पाणी सोडायचं आणि कुठे उघडं पडतं ते बघत उभं राहायचं, कमरेवर हात ठेवून. पाणी खोटं बोलत नाही, असं काही तुम्ही कधी म्हणाला नव्हतात. तुम्ही फारसं काही म्हणतच नव्हतात. फक्त बघत उभे असायचात.

माय त्याच खोलीतल्या आपल्या पलंगावरून हे सगळं पाहत होती, पाहत नाही असं दाखवत. खतांच्या दोन बाटल्या मी वेगवेगळ्या पाण्यात मिसळल्या, कारण त्या तशाच एकत्र ओतल्या तर दह्यासारखा पांढरा साका खाली बसतो आणि झाडाला काही मिळत नाही. आपल्याकडचं पाणी जड, भांड्याला पांढरा थर धरणारं. पाणी किती आंबट ते सांगणाऱ्या रंगाचे थेंब टाकले तर ग्लासातलं पाणी निळसर झालं. मग आम्लाचे थेंब, एक, दोन, थांबायचं, ढवळायचं, पुन्हा एक, असं करत ते पिवळट हिरवं होईपर्यंत मी त्या ग्लासावर वाकून होते. माय शेवटी बोललीच. "माती नाई त मंग भाजी काय हवा खाते?" मी म्हटलं, "पाण्यातनंच खाते, माय." ती म्हणाली, "मंग थे भाजी नाई. थे भूत हाये." आणि तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. पण पंप पहिल्यांदा सुरू झाला, पाणी वर येऊन परत उतरायला लागलं आणि तो बारीक आवाज सुरू झाला, तेव्हा ती या कुशीवर वळली. डोळे मिटलेलेच होते. म्हणाली, "पाणी कोनं सोडलं व?"

मी म्हटलं, "मीच, माय."

बाबा, मला तुडुम दिसतं. तलावाच्या पाळीला लागून पाण्यात उभा असलेला तो दगडी खांब, त्यातली एकाखाली एक भोकं, आणि प्रत्येक भोकात चिंध्या गुंडाळून मारलेली लाकडी खुंटी. गावाचं पाणी वाटणारे तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात उतरता, वरची खुंटी उपसता, आणि भोकाच्या तोंडाशी पाण्याचा भोवरा फिरायला लागतो. पाळीच्या पलीकडे नहरात पाणी पडल्याचा आवाज येतो. ज्याची पाळी असेल तो आपल्या बांधीच्या कडेला, धुऱ्यावर, फावडं घेऊन उभा असतो. आपल्या घरच्या पेल्यातलं पाणी न पिणारी माणसंसुद्धा तुमच्या हातचं पाणी बांधीत घ्यायची आणि कधी कुणी म्हटलं नाही की कमी दिलं. तुम्हाला घड्याळ ठाऊक नव्हतं. तुमच्याजवळ सावली होती. पाळीवरच्या ऐनाच्या झाडाची सावली सकाळी दूर पडायची, मग जवळ येत येत जायची, मग दुसऱ्या बाजूनं लांबत जायची, आणि तिच्या चालीवर अख्ख्या शिवाराचं धान तग धरून होतं.

मी चौदा वर्षांची आहे. पाऊस पोळ्यानंतर आलाच नाही. धान गाभ्यात आलं आहे आणि त्याला आता एक पाणी पाहिजे, नाहीतर लोंबी पोचट निघेल. तलावात एकच फेरी पुरेल एवढं पाणी उरलं आहे, म्हणून कुणाला किती ते सगळ्यांनी बसून ठरवलं आहे. त्या दिवशी मायला ताप भरला आहे. तुम्ही तिला घेऊन ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात निघालात, आणि जाता जाता मला पाळीवर उभं केलंत. "सावली त्या पांढऱ्या दगडाले टेकली का खुटी मारजो. जोरानं मारजो. मंग घरी जाजो." मी मान हलवली. मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं. तुम्ही वळून एकदाही पाहिलं नाहीत, तेही मला आवडलं.

भोवऱ्यात एक पिवळं पान अडकलं होतं. ते फिरत होतं, आत ओढलं जात होतं, पुन्हा वर येत होतं. मी पाळीच्या गवतावर पोटावर पडून त्याला बघत होते. पाण्यावर ऊन हलत होतं. पलीकडे बगळे एका पायावर उभे होते. नहरातल्या पाण्याचा आवाज एकसारखा, न थांबणारा, मोठ्या माणसाच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर ऐकू येतो तसा आतून येणारा. मला वाटलं मी जागी आहे. मला वाटत होतं मी ते पान बघते आहे, आणि ते पान मी झोपेत बघत होते. जागी झाले तेव्हा सावली पांढऱ्या दगडाला ओलांडून पाळीच्या उतारावर गेली होती. दोन तास? तीन? वरचं भोक उघडं पडून त्यातून नुसती हवा जात होती. खाली शेवटची बांधी भरून, फुटून, पाणी नाल्याला लागलं होतं. कुणाच्याच कामी न येता ते वैनगंगेकडे चाललं होतं. मी पाण्यात उतरले आणि खुंटी मारली. जोरानं मारली. तुम्ही सांगितल्यासारखी.

दिवस मावळायच्या आत तुम्ही परत आलात. मायला घरात झोपवलंत आणि तसेच पाळीवर गेलात, मी तुमच्या मागे. तुम्ही दगडावरची ओली रेघ पाहिलीत. मग ऐनाकडे पाहिलंत. मग माझ्याकडे.

"सावली टेकली तवाच मारली का खुटी?"

"हो."

तुम्ही एवढंच म्हणालात, "बरं." आणि चालायला लागलात. मी तुमच्या पाठीकडे बघत आले. आता विचारतील, आता वळतील, आता हात उगारतील. तुम्ही वळला नाहीत. दुसऱ्या दिवशी पाळीखाली माणसं जमली. टोकाच्या बांधीवाल्यांचं पाणी गेलं होतं आणि त्यांचा आवाज चढला होता. मी झाडाआडून ऐकत होते. एकजण म्हणाला, "भाऊ, तुमाले सावलीचं भान हाये, मंग हे कसं झालं?" तुम्ही म्हणालात, "खुटी माह्या घरची, चूक बी माह्या घरची. माह्या बांधीची पाण्याची पाळी कापा अन् त्याईले द्या." एका म्हाताऱ्यानं, ज्याची बांधी टोकाला होती, डोक्यावरचा दुपट्टा काढला आणि पुन्हा बांधला. बस, संपलं.

आपलं धान त्या वर्षी निसवलं, पण लोंब्या पांढऱ्या निघाल्या. उभ्या राहिल्या, वाकल्या नाहीत. भरलेली लोंबी वाकते आणि पोचट उभी राहते हे मला तेव्हा कळलं. तुम्ही आणि माय दुसऱ्यांच्या धानावर कापणीला गेलात. मी घरी कण्या शिजवायची आणि तुम्ही जेवताना तुमच्याकडे बघायची नाही. मी रागवायची वाट पाहत होते, बाबा. तुम्ही रागावला असता तर मी रडले असते, आणि रडता रडता सांगून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणायचात, "मीठ बराबर हाये." पुढच्या वर्षी पाऊस चांगला होता. रोवणा झाल्यावर एक दिवस तुम्ही ब्रह्मपुरीच्या बाजारातून येताना गजराचं घड्याळ घेऊन आलात, हिरव्या काट्यांचं. माझ्या हातात दिलंत. "सावलीचा भरवसा नाई. ढग आला का सावली जाते." त्या दुपारी आभाळात ढगाचा एक पुंजकाही नव्हता, हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. मग तुम्ही मला पाळीवर घेऊन गेलात आणि खुंटी पुन्हा माझ्याच हातात दिलीत.

त्यानंतर मी शिकले, नोकरीला लागले, लग्न झालं. तुम्ही जाऊनही आता वीस वर्षं झाली. दवाखान्यात तुमच्याजवळ मी दोन दिवस होते. दुपारी वॉर्ड रिकामा असायचा, मी तुम्हाला चमच्यानं पेज द्यायची. तेव्हा सांगता आलं असतं. एकदा तोंडही उघडलं होतं मी. तुम्ही विचारलंत, "तलावात किती हाये?" मी म्हटलं, "दुसऱ्या भोकापर्यंत." तुम्ही समाधानानं डोळे मिटलेत. मी पेजेची वाटी विसळायला घेऊन गेले. आता तुडुमाच्या जागी लोखंडी फाटक आहे आणि फिरवायचं चाक. ऐनाचं झाड कुणी तोडलं ते मला ठाऊक नाही.

तर हा वाफा. पहिले दोन आठवडे सगळं नीट चाललं. नारळाच्या भुशाच्या वड्यांमध्ये पालक आणि सांबार उगवला, पांढऱ्या दिव्याखाली पानं हिरवीगार झाली. रोपं ट्रेमध्ये लावायची तेव्हा मी मायची खुर्ची नुसती ट्रेपाशी सरकवली. तिनं बराच वेळ पाहिलं. मग माझ्या हातातलं रोप काढून घेतलं, "तुले जमत नाई, मूळ मुडपून राह्यली तू," म्हणाली, आणि अंगठ्यानं गोळ्या बाजूला करून रोप आत सोडलं, तसं ती धानाचे पऱ्हे रोवायची. बावीस रोपं तिनं एका दमात लावली. रांगेत. त्या दिवशी ती एक पोळी जास्त जेवली. सकाळचं पाणी चढायच्या आधी ती उठून बसायला लागली. ट्रेमध्ये पाणी गोळ्यांच्या कडांना चमकायला लागलं की तिच्या चेहऱ्यावर एक झोपेतलं हसू यायचं, आणि मला वाटायचं की ती खोलीत नाही, धुऱ्यावर आहे. मी तिला हाक मारायची नाही.

मग एक दिवस मी बाजारात गेले होते. भुशाचे धागे सुटून त्या उभ्या नळीच्या तोंडाशी गोळा झाले असावेत. नळीला जाळीची टोपी घालायची असते, व्हिडिओत सांगितलं होतं, मी ती उद्यावर टाकली होती. पंप सुरू झाला, पाणी चढलं, नळीनं ते परत घेतलं नाही, आणि ट्रेच्या काठावरून ते जमिनीवर सांडत राहिलं, पंप थांबेपर्यंत. मी दार उघडलं तेव्हा मागच्या खोलीत पाणीच पाणी होतं, पलंगाच्या खालीसुद्धा. माय पलंगाच्या कडेला बसली होती, लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलेलं आणि दोन्ही पाय पाण्यात सोडलेले. मी घाबरून धावले, आधी प्लग काढला, मग तिला धरलं. ती म्हणाली, "काऊन घाबरते? गार हाये." तिचे पाय पाण्यात हळूहळू हलत होते. एक क्षणभर, बाबा, मलाही वाटलं तसंच राहू द्यावं.

मी पाणी पुसत होते तेवढ्यात बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या बाई होत्या. शाळेत शिकवतात, एकट्या राहतात, जिन्यात भेटलो तर हसतो इतकीच ओळख. त्यांच्या हातात ओल्या कागदांचा गठ्ठा होता. "बाई, वरून पाणी गळून राह्यलं माझ्या टेबलावर. मुलांचे सहामाहीचे पेपर आहेत हो." वरच्या पानावर निळी शाई पसरून ढगासारखी झाली होती. मी विचार केला नाही. माझ्या तोंडातून निघालं, "कूलर काढून ठेवत होते, त्यातलं पाणी सांडलं. माफ करा." त्या म्हणाल्या, "असं होय. होते कधी कधी," आणि गेल्या. कूलर सांडतो, कुणाचाही सांडतो. बिनमातीच्या पालकासाठी घरात पाणी खेळवणारी, जाळी लावायचा आळस केलेली बाई कुणी समजून घेत नाही. असं मला त्या क्षणी वाटलं असावं. किंवा काहीच वाटलं नसावं. नुसतं "हो" तोंडात तयार असतं.

मी दार लावून आत आले. माय पाय पुसून बसली होती.

"खोटं काऊन बोलली?"

मी म्हटलं, "जाऊ दे माय, पाणीच तर होतं."

"तवा बी पाणीच होतं," ती म्हणाली.

मी फडकं हातात धरून उभी राहिले. चव्वेचाळीस वर्षांत तिनं हा विषय कधी काढला नव्हता. मला वाटत होतं तिला माहीतच नाही, ती तापात होती. मी विचारलं, "बाबांना माहीत होतं?" ती म्हणाली, "त्याईले माहीत नसन त कोनाले असन? दगड पाहूनच समजलं. मी म्हणलं, मंग पोरीले विचारा ना. तं म्हणे, विचारलं. भेवली हाये, हो म्हणे. आता पुन्हा विचारीन त तिले पुन्हा खोटं बोला लागन. एकडाव बोलली तेवढंच बस झालं तिले." एवढं बोलून ती थकली आणि आडवी झाली. मी ओल्या फरशीवरच बसले. इतकी वर्षं मी समजत होते की तुम्ही मला माफ केलं नाही म्हणून विचारलं नाही. कधी वाटायचं, तुम्हाला मी इतकी क्षुल्लक की रागावण्याइतकीही नाही. कधी वाटायचं तुम्हाला खरंच कळलं नाही. आणि तुम्ही मला फक्त दुसऱ्या खोट्यापासून वाचवत होतात.

त्याच संध्याकाळी मी खाली गेले. बाईंच्या बैठकीच्या खोलीत दोरी बांधलेली होती आणि दोरीवर मुलांचे पेपर कपड्यांच्या चिमट्यांनी टांगलेले होते, पंख्याच्या वाऱ्यानं हलत होते. मी उभ्या उभ्याच सांगितलं की कूलर नव्हता, मी घरात पाण्यावर भाजी लावली आहे, नळी तुंबली, जाळी लावायची राहिली, ती माझी चूक. आणि खोटं बोलले तीही. बाईंनी एक पेपर उचलून उजेडात धरला. मग म्हणाल्या, "एका मुलीचा पेपर तर काहीच वाचता येत नाही. तिला बोलावून तोंडी विचारीन म्हणते." मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं असं सांगा तिला." त्या हसल्या. "सांगू? की वरच्या बाईंच्या पालकानं तुझा पेपर खाल्ला?" मग त्या वर आल्या, वाफा पाहायला. मायच्या पलंगावर बसल्या. मायनं त्यांना सांगितलं की रोपाचं मूळ मुडपलं की ते रुसते, आणि माती नसली तरी रुसते. आता त्या रविवारी येतात. माय त्यांना "मास्तरीन" म्हणते आणि त्यांच्याजवळ माझ्या तक्रारी करते.

नळीला जाळी लावली आहे. टबावरचं झाकण नीट बसवलं आहे, आत उजेड शिरला की पाण्यात शेवाळ धरतं. दुपारी पाणी तापतं म्हणून टबाभोवती ओलं गोणपाट गुंडाळलं आहे. मागच्या आठवड्यात पालकाची पहिली पानं खुडली, डाळीत घातली. मायनं एक घास खाल्ला, चघळला, म्हणाली, "चव नाई." मग सगळी वाटी संपवली. आता ती झोपली आहे आणि दुपारचं पाणी उतरतं आहे. सांबाराच्या पानांवर दिव्याचा पांढरा उजेड आहे. बाहेर कुठेतरी मालगाडी चालली आहे, आणि तिचा आवाज या पाण्याच्या आवाजात मिसळून लांब जातो आहे. मी इथे बसून तुम्हाला लिहिते आहे, जणू तुम्ही पलीकडच्या धुऱ्यावर आहात आणि हाक तुमच्यापर्यंत पोचण्याजोगी आहे. हा कागद मी कुठे टाकणार नाही. तुम्ही अक्षर अक्षर लावून वाचायचात, एवढं लांब वाचायला तुम्हाला चार दिवस लागले असते, आणि चार दिवस मी तुमच्या चेहऱ्याकडे बघू शकले नसते.

एक सांगायचं राहिलं. त्याच संध्याकाळी खाली गेले असं मी वर लिहिलं आहे. त्या संध्याकाळी नाही गेले, बाबा. तिसऱ्या दिवशी गेले. दोरीवर टांगलेले पेपर मी पाहिलेच नाहीत, ते बाईंनी मागाहून सांगितलं; मी गेले तेव्हा ते वाळून, लाटा आलेले, टेबलावर रचलेले होते. मायनं जे सांगितलं ते ऐकूनसुद्धा मला दोन दिवस लागले. पहिल्या दिवशी तिनं विचारलं होतं, "जाऊन आली का खाली?" मी म्हटलं, "हो." तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मग ताटलीतला सांबार निवडत बसली.